हवेच्या टाकीतलं पाणी

ही घटना खरी आहे.

भुताच्या गोष्टी बहुतेक अमावस्येच्या रात्री घडतात. ही भर दुपारी घडली. १९५८ चा वैशाख, वर्धा जिल्हा, नाचणगावच्या पलीकडची आमची वस्ती. डोक्यावर ऊन होतं आणि भोवती माणसं होती. ज्यांच्या डोळ्यांदेखत घडली ते रूपराव आमच्या घरातले मोठे आजोबा, म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. आणि भूत मानायची तर बंदीच होती. ती बंदी त्यांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतली होती.

त्यांनी मला ही हकीकत दोनदा सांगितली. मध्ये बरीच वर्षं गेली होती. दोन्ही वेळा तीच. आजीला, कोकिळाबाईंना, मी वेगळं गाठून विचारलं. तिनं जेवढं स्वतः पाहिलं तेवढंच सांगितलं.

ते जुळलं.

आता त्या दोघांपैकी कोणी नाही. म्हणून लिहितो आहे.

छप्पनच्या दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन बौद्ध झाली. परत आली ती ताठ मानेनं. पण ताठ मानेनं तहान भागत नाही. गावच्या विहिरीत दोर टाकायची त्यांना तेव्हाही मनाई होती. काठावर हंडा ठेवून उभं राहायचं. कोणाला दया आली तर वरून ओतणार.

म्हणून वस्तीनं स्वतःची विहीर मागितली. खेटे घालून घालून ती मंजूर करून घेतली. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी ठेकेदाराची माणसं आली आणि काम सुरू झालं.

वरची माती लवकर संपली. खाली काळा खडक लागला.

मग ते यंत्र आलं. चाकांवर ओढत आणलेलं डिझेल इंजिन, त्याला जोडलेला हवा दाबणारा पंप आणि शेजारी आडवी लोखंडी टाकी. टाकीत दाबून भरलेली हवा रबरी नळीतून विहिरीत जाई आणि नळीच्या टोकाचं ड्रिल खडकाला भोकं पाडी. त्या भोकांत सुरुंग भरायचे. रूपराव पुलगावला कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात इंजिनावर काम केलेले. यंत्र त्यांच्याकडे आलं.

यंत्राचं एक रोजचं काम होतं. ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

हवेत पाणी असतं. हवा दाबली आणि मग ती निवली, की ते पाणी टाकीच्या बुडाशी साठतं. पंपाचं तेलही त्यात उतरतं. रोज सकाळी टाकीखालचा कॉक उघडला, की ताकासारखं पांढरट पाणी फुसकारत बाहेर येई. ते विहिरीजवळ सांडून चालणार नव्हतं. उद्या तिथलंच प्यायचं होतं. म्हणून रूपराव ते एका मोठ्या डब्यात धरत. डब्याला बुडाशी तोटी होती. डबा रात्रभर हलवायचा नाही. सकाळपर्यंत तेल वर येई, पाणी खाली राही. तोटी सोडून पाणी काढून घ्यायचं. त्यावर तेलाची चकाकी उरलीच, तर कच्चा कापूस टाकायचा. सरकी काढलेला, पण न धुतलेला. असा कापूस पाणी पीत नाही. नुसता तरंगतो आणि तेवढं तेल पितो.

तेल बैलगाड्यांच्या आसाला जाई. पाणी लोहार नेई, ड्रिलच्या तापवलेल्या टोकांना पाजायला.

पावसाळा सरता सरता असं पाणी डबा डबा निघालं. थंडीत कमी झालं. आणि वैशाखात? वर्ध्याचा वैशाख ज्यानं काढला आहे त्याला सांगायला नको. हवा भट्टीतून निघाल्यासारखी कोरडी असते. तेव्हा कॉक उघडला तर चमचाभर तेल आणि गरम फुसकारा.

एवढंच यायला हवं.

खाली उतरून खडक फोडणारा मुख्य माणूस होता भैयाजी. आष्टीकडचा. विहिरी खोदता खोदता केस पांढरे झालेले. रूपरावांना तो नावानं हाक मारत नसे. मिस्तरी म्हणे. वस्तीत दुसरं कोणी त्यांना तसं म्हणत नव्हतं.

भैयाजीची एक खोड होती. पाण्याचा लोटा हातात आला, की आधी तिरपा करून पहिली धार जमिनीवर सांडायची. मग प्यायचं.

रूपरावांचा धाकटा भाऊ प्रेमदास यारीवर होता. खालचा दगड वर ओढणारं ते लाकडी यंत्र. त्याला हे बघवत नसे.

"काऊन गा भैयाजी, पाणी लय झालं का? माही बायको डोक्यावर हंडा घेऊन एवढ्या दुरून आणते, अन् तू मातीत घालून राह्यला."

"जिच्या पोटात उतराचं तिले आधी पाजा लागते, पोट्ट्या. तिनं तोंड मिटून घेतलं तं?"

"आमी आता असलं काई मानत नाई."

"नोको मानू. तू वर्तेच तं राह्यतं. खाली मी जातो."

आणि दोघंही हसत. प्रेमदास हसरा होता. नुकतं लग्न झालेलं. कोकिळेला लाडानं कोकी म्हणायचा आणि चारचौघांत म्हणायचा, त्यामुळे तिला पदरात तोंड लपवावं लागे.

माघात ते झालं.

सुरुंग उडाला होता. धूर अजून विहिरीतच घुटमळत होता. मुकादम किसनराव ठेकेदाराचा माणूस, त्याला काम उरकायची घाई.

"उतर गा भैयाजी. धूर काय तुले खाते?"

भैयाजी उतरला. दोर सैल पडला. वरून हाका मारल्या.

खालून उत्तर आलं नाही.

रूपरावांनी ड्रिल काढून मोकळी नळी खाली सोडली आणि इंजिन पूर्ण वेगात टाकलं. टाकीतली सगळी हवा खाली जाऊ दिली. काठावर पालथं पडून ते ऐकत राहिले. इंजिनाच्या आवाजातूनही खालून श्वास ऐकू येत होता. लांब, ओढून घेतलेला. मग सोडलेला. परत ओढलेला. भैयाजी नळीच्या तोंडाशी तोंड नेऊन हवा पीत होता.

धुरात उतरायला कोणी तयार होईना. शेवटी प्रेमदासनं ओलं फडकं नाकाला बांधलं आणि दोर कमरेला.

तो खाली पोहोचेपर्यंत श्वास थांबला होता.

वर आणलं तेव्हा भैयाजीच्या ओठांवर फेस होता. पांढरट... ताकासारखा. आणि त्याला तेलाचा वास येत होता.

"नळीतलं उडालं असंन," किसनराव म्हणाला.

टाकी रूपरावांनी सकाळीच रिकामी केली होती.

काम बंद पडलं. आष्टीकडची माणसं बिऱ्हाडं उचलून निघून गेली. वस्तीत कुजबुज सुरू झाली. विहिरीनं माणूस घेतला. आता ती पाणी देणार नाही. दिलं तरी ते कोण पिणार?

चैत्रात सगळे लिंबाखाली बसले. तेव्हा रूपराव उभे राहिले.

"भूत नसते. नागपूरले सगळ्यायनं हात जोडून हेच म्हटलं ना आपण? मंग? अर्धी विहीर तशीच सोडली तं गाव हासन. म्हणन, यायले देव नोको होते, पण भूत पायजे."

सगळ्यांना पटलं होतं. प्रश्न एवढाच होता, की खाली उतरणार कोण.

"मी उतरतो," प्रेमदास म्हणाला. "मशीनवर माहा दादा आहे. मले कायचं भेव?"

कोकिळा बायकांत बसली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. रूपरावांकडे पाहिलं.

ती नजर, रूपराव म्हणाले, मले मरेपर्यंत पुरन.

वैशाखात काम परत सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं रूपरावांनी कॉक उघडला. डबा लावायची खरं तर गरज नव्हती. तरी लावला.

पाणी आलं.

पांढरं, फुसकारत. थांबेचना. डबा काठोकाठ भरला.

किसनराव तिथंच दात घासत होता. "अरे वा! विहिरीच्या आंधी टाकीलेच पाणी लागलं. खोदता काऊन मंग?"

माणसं हसली. रूपरावही हसले. मग त्यांनी डब्यात बोट बुडवलं. उन्हानं टाकी इतकी तापलेली, की हात लावला तर चटका बसत होता.

पाणी मात्र... गार होतं. खोल विहिरीच्या तळचं असतं तसं.

त्यांनी डबा झाकून सावलीत ठेवला. सकाळी झाकण काढलं. तेल वर आलेलं नव्हतं. पाणी कालच्यासारखंच पांढरं. त्यांनी कच्च्या कापसाचा पुंजका घेतला, अलगद वर ठेवला.

कापूस बुडाला.

जड वस्तू बुडते तसा, सरळ खाली.

ते वाकून बघत असताना मागून प्रेमदास आला. "काय पाह्यतं दादा?" म्हणत तोही डब्यावर वाकला. आणि त्या क्षणी पांढरं पाणी फाटलं, दूध नासतं तसं. खाली निर्मळ पाणी झालं, वर तेल आलं. ते डब्यावर पसरलं नाही. प्रेमदासचा चेहरा ज्या बाजूला होता, त्या बाजूला सगळं गोळा झालं.

प्रेमदास दुसऱ्या बाजूला गेला.

तेलही हळूहळू... तिकडे सरकलं.

"माह्यावर जीव जडला वाटते त्याचा," तो हसून म्हणाला आणि कामाला गेला.

रूपरावांनी डबा कलता असेल म्हणून त्याखालची जमीन हातानं चाचपून पाहिली. सपाट होती.

त्यानंतर रोज पाणी येत राहिलं. एका सकाळी मात्र कॉक उघडला आणि काहीच आलं नाही. टाकीवरचा काटा दाब पूर्ण दाखवत होता. तरी ना पाणी, ना हवा. कॉक तुंबला असेल म्हणून त्यांनी तोंडाशी कापूस धरला.

कापूस आत ओढला गेला.

दाबानं भरलेली टाकी हवा बाहेर फेकते. आत ओढणं तिला शक्यच नाही. इंजिनावर काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. रूपरावांच्या चिमटीत कापसाचा शेंडा तेवढा उरला. तो आत ताणला गेला. मग सैल पडून बाहेर आला. परत आत... परत बाहेर.

सावकाश. झोपलेल्या माणसाच्या नाकाशी धरावा तसा.

ते धावत किसनरावाकडे गेले.

"मुकादम, आज काम बंद ठेवा. वॉल्व्ह बिघडला."

किसनराव आला. स्वतः कॉक उघडला. हवा सणसणत बाहेर आली, धूळ उडवून गेली.

"वॉल्व्ह बिघडला का तुह्यं डोस्कं?"

"मंघानी उलटी वढून राह्यली होती."

"उलटी? अन् मी आलो तं सुलटी झाली!" किसनराव माणसांकडे वळला. "पाहा बे. पंचशील घेतलं यानं. आता टाकीले नारळ फोडाचा म्हणते. आणू का रूपराव? लिंबू पण पायजे?"

सगळे हसले. त्यात वस्तीचीही माणसं होती. त्यांचं हसणं जास्त लागलं.

रूपराव काय करणार? भूत म्हणायला तोंड उघडावं, तर लिंबाखाली बोललेले स्वतःचेच शब्द आडवे येत. यंत्राचं कारण सांगावं, तर मुकादमासमोर यंत्र शहाण्यासारखं वागे. दोन्ही वाटा बंद. तिसरी वाट भावाची होती. ते यारीजवळ गेले.

"प्रेमदास, आज उतरू नोको."

"काऊन?"

"मन नाई म्हणते."

प्रेमदासनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग डोळे मिचकावले. "भूतबित तं नाई ना दादा? तूच तं म्हटलतं, नसते म्हणून."

आणि तो डोलात बसून खाली गेला.

भर दुपार झाली. झाडाचं पान हलत नव्हतं. इंजिनाचा धडधडाट आणि खालून ड्रिलचा आवाज, दोन्ही एकसारखे चालू होते. रूपराव टाकीशेजारी उभे होते. नजर काट्यावर.

ड्रिल थांबलं.

दगड भरत असेल. विडी ओढत असेल. ते वाट पाहत राहिले.

मग काटा हलला. खाली आला. वर गेला. परत खाली... परत वर. घाई नव्हती त्याला.

रूपरावांनी इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. इतकं, की दूर बाभळीवर घुमणारा होला ऐकू आला. आता काटा पडायला हवा होता, नाहीतर जागच्या जागी थांबायला. पंप बंद होता. टाकीत भरणारं कोणी नव्हतं आणि काढून घेणारंही नव्हतं.

काटा खाली-वर होतच राहिला.

आणि त्या लोखंडाच्या आतून, अगदी कानाशी, लांब ओढून घेतलेला... श्वास.

ते विहिरीकडे धावले. काठावर पालथे पडले. "प्रेमदास! ए प्रेमदास!"

खालून खोकला आला.

त्यांचा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात दुसरा खोकला आला. पहिला तरण्या माणसाचा होता. दुसरा जुन्या, घासलेल्या छातीचा.

खाली एकच माणूस उतरला होता.

"ओढा!" रूपराव ओरडले. पण प्रेमदासनं दोर हलवून खूण केल्याशिवाय ओढणार कसा? डोल रिकामा आला असता. ते स्वतः उतरायला निघाले, तर किसनरावानं आणि दोघांनी त्यांना धरून ठेवलं. "खाली हवा खराब असंन. अजून एक मुडदा नोको मले." रूपराव धडपडत होते आणि खाली दोन माणसं आलटून पालटून श्वास घेत होती. आधी एक. मग दुसरा. मग दोन्ही इतके जवळ आले, की वेगळे ओळखू येईनात.

शेवटी एकच श्वास उरला.

आणि दोर हलला.

प्रेमदास वर आला तो शुद्धीवर होता. ओठांवर पांढरा फेस होता. त्यानं तो मनगटानं पुसला. रूपरावांनी त्याला सावलीत नेलं, डोकं मांडीवर घेतलं.

"काय झालं रे?"

"नळी सुटली, दादा. लावाले गेलो तं नळीतून कोणी बोलून राह्यलतं. दम दे म्हणे. थोडासाच. लय काकुळतीनं मांगे."

"मंग?"

"मंग म्या देला."

"म्हंजे काय केलं?"

"नळीले तोंड लावलं अन् फुकलो." त्यानं डोळे मिटले. "बिचारा."

त्याच संध्याकाळी तळाला ओल दिसली. दोन-चार दिवसांत झरा मोकळा झाला. पाणी गोड निघालं. वस्तीनं स्वतःच्या विहिरीत स्वतःचा दोर सोडला. बायका रडत होत्या आणि हसत होत्या. किसनरावानं यंत्र बैलगाडीला बांधून दुसऱ्या कामावर नेलं. निघण्याआधी रूपरावांनी एकदा कॉक उघडून पाहिला.

चमचाभर तेल आणि गरम फुसकारा. बाकी काही नाही.

संपलं, त्यांना वाटलं.

काही दिवसांनी कोकिळा त्यांच्यासमोर आली. डोक्यावर पदर, हातात नवऱ्याचा लोटा.

"यायचं उरलेलं पाणी पाहा ना जरा. वर काय चमकते?"

रूपरावांनी लोटा उन्हात धरला. पाण्यावर तेलाचा तवंग होता. बारीक, इंद्रधनुष्यासारखा.

लोटा राखेनं घासला. नवा माठ आणला. दुसऱ्याच्या हातानं पाणी पाजून पाहिलं. तोंड लावून प्रेमदासनं लोटा खाली ठेवला, की उरलेल्या पाण्यावर तवंग येई. त्याच्या खोकल्याला यंत्राचा वास होता. पुलगावच्या डॉक्टरांनी छाती तपासली. सुरुंगाचा धूर, म्हणाले. निघून जाईल.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा रूपरावांच्या हाताला काहीतरी करण्यासारखं लागलं होतं. तेल पाण्यापासून वेगळं काढणं. ते तर त्यांना येत होतं.

त्यांनी कच्चा कापूस आणला. रोज सकाळी प्रेमदासनं अर्धा लोटा पाणी प्यायचं, उरलेल्या अर्ध्यावर तवंग यायचा, रूपरावांनी त्यावर पुंजका ठेवायचा. कापूस तेल पिऊन पिवळा होई. तेवढा काढून ते चुलीत टाकत. तो तडतडत जळे. उरलेलं स्वच्छ पाणी प्रेमदास पिऊन टाकत असे. असं एक दिवस नाही, सगळा पावसाळा चाललं. दिवाळी गेली. तवंग पातळ होत गेला. खोकला कमी झाला. प्रेमदासच्या अंगावर मांस चढलं.

फक्त तो बोलेनासा झाला. हसणं गेलं. लहानपणी दोघं भाऊ एका चिंचेवरून पडले होते, त्याचा वण दोघांच्या कोपरावर होता. त्या चिंचेची आठवण काढली, तर तो नुसता बघत राही. कोकी ही हाक कधी थांबली, हे कोकिळेलाही नक्की सांगता आलं नाही.

धुराचा परिणाम, रूपराव म्हणत. होईल बरा. तवंग तर जातो आहे.

पौषातल्या एका सकाळी पाण्यावर काहीच नव्हतं.

त्यांनी कापूस ठेवला. पुंजका तरंगत राहिला. उचलला तर कोरडा, पांढराशुभ्र. त्यांनी कोकिळेला हाक मारली. तिनं लोटा पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. ताजं पाणी घेऊन ती अंगणात गेली. प्रेमदास कोवळ्या उन्हात उकिडवा बसला होता. तिनं लोटा त्याच्या हातात दिला.

त्यानं लोटा तिरपा केला.

पहिली धार... जमिनीवर सांडली.

मग तो घटाघटा प्यायला. मनगटानं तोंड पुसलं. रूपरावांकडे पाहून मान हलवली.

"बरं झालं, मिस्तरी."

रूपरावांनी हे मला दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते पुष्कळ म्हातारे झाले होते. आवाज चढला नाही, उतरला नाही. ते म्हणाले, "दोन जीव एकात मिसळले होते. तेल कोण अन् पाणी कोण, हे मले कोणी सांगितलतं? विहिरीवर आम्ही दोन्ही ठेवत होतो, तेलबी अन् पाणीबी. घरी मी पाणीच ठेवलं. जे वर येऊन राह्यलतं, ते रोज माह्या हातानं कापसावर घेतलं अन् चुलीत टाकलं."

मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले,

"ते वर काऊन येऊन राह्यलतं? माहा प्रेमदास मले भेटाले येत असंन."

आदल्या दिवशीचा एक पुंजका चुलीत टाकायचा राहिला होता. ओट्यावर पडला होता, बोराएवढा, थोडासा तेलकट. रूपरावांनी तो चुन्याच्या डबीत घालून ठेवला. मग ते तेल भावाच्या पोटात परत घालता येतं का, ते त्यांनी करून पाहिलं. प्रेमदासच्या लोट्यात तो कापूस बोटांनी पिळला. तेलाचा एक थेंब पडला आणि पाण्यावर पसरला. लोटा त्यांनी स्वतः नेऊन दिला.

त्यानं लोटा घेतला. तिरपा केला.

तेल वर तरंगतं. पहिल्या धारेत तेच जातं.

राहिलेलं निर्मळ पाणी तो प्यायला.

रूपरावांनी पुन्हा पाहिलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. दर वेळी पहिली धार मातीत गेली. पेल्यात दिलं तरी तेच. भाजीत घालून दिलं, तर ताट बाजूला सारून तो उठला. पुंजक्यात तेल फार थोडं उरलं, तेव्हा रूपरावांनी हात आवरला. डबी बंद केली.

तो पुढे विहिरी खोदायला जाऊ लागला. कारंजा, आष्टी, कुठे कुठे. त्याच्या हाताला पाणी लागतं अशी ख्याती झाली. म्हातारा होऊन घरातच वारला. मी त्याला पाहिलं आहे. मी त्याला आजोबा म्हणत असे.

आजीला मी विचारलं होतं, तुला कधी कळलं? ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"घरात होता. कामाले जात होता. मारत नोता, पेत नोता. मी कोणाले काय सांगू?"

माझे वडील त्या पौषानंतर दोन वर्षांनी जन्मले.

चुन्याची डबी आता माझ्याकडे आहे. मी ती एकदाच उघडली. इतक्या वर्षांनीही कापूस वाळलेला नाही.

बाकी कशाचा खुलासा माझ्याजवळ नाही. हे लिहावं की नाही, हेही ठरत नव्हतं. पण मागच्या आठवड्यात जेवताना बायकोनं सहज विचारलं, "तुम्ही पाणी प्यायच्या आधी थोडंसं खाली का सांडता हो? लग्न झाल्यापासून पाहते आहे."

मला माहीतच नव्हतं... मी सांडतो ते.